आईच्या ताटाची मोजदाद

२००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी उभे, अंगानं साधारण सारखेच. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांची उंची आणि वजन घेऊन बीएमआय काढला तर तो दशांशापर्यंत सारखा निघाला : २२.३. तक्त्यात बघितलं तर दोघंही ठणठणीत. मग अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त, आणि बाहेरून पत्ता नाही.

लेखकांनी स्वतःची थट्टाही करून घेतली. युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयातल्या लिफ्टचं दार मिटायच्या आत ती गाठणं, असं फोटोसोबतच्या टिपणात म्हटलं आहे. पण गंमत बाजूला ठेवली तर त्यात एक शंका होती. हा फरक सगळा धावण्यातून आला असेल का? की त्यातला काही भाग जन्माच्याही आधी, आईच्या पोटातच ठरून गेला होता? शंका हवेतली नव्हती. तोवर पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत दहा वर्षांचं काम उभं राहिलेलं होतं.

गरोदर बाईच्या आहाराचा विषय आपल्याकडे एकतर डोहाळजेवणाच्या कौतुकात जातो, नाहीतर सरकारी पोस्टरवर. पोस्टरवर दूध, फळं, पालेभाजी आणि हसणारी आई असते. त्या चित्रामागचं शास्त्र कुणी, कुठं, कसं गोळा केलं याची फारशी कुणाला कल्पना नसते, आणि त्यातला महत्त्वाचा भाग मुंबई-पुण्यात घडला आहे हे तर मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसतं. ती गोष्ट सांगायला हवी.

ऑक्सफर्डला संशोधनाचे धडे घेऊन याज्ञिक पुण्यात परतले, ते मधुमेहाचे डॉक्टर म्हणून. पुस्तकांत लिहिलं होतं की प्रौढपणी होणारा मधुमेह हा लठ्ठ आणि उतारवयाकडे झुकलेल्या माणसांचा आजार. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र वेगळीच माणसं येऊन बसत. पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा कितीतरी तरुण, हातापायानं काटकुळी, पोट तेवढं सुटलेलं. बीएमआयच्या हिशेबात त्यातली बरीचशी लठ्ठ नव्हतीच. याचं उत्तर सोपं ठरलेलं असे : एकतर आनुवंशिकता, नाहीतर तूप-साखर आणि बैठं काम.

त्याच सुमाराला इंग्लंडात साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर निराळंच काही सांगत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी नवजात बाळांची वजनं जाड वह्यांत टिपून ठेवली होती. बाळ वर्षाचं झालं की पुन्हा वजन. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या हुडकून काढल्या, त्यातली बाळं म्हातारी होऊन कशानं आजारी पडली, कशानं गेली हे शोधलं, आणि जन्मतः हलकी असलेल्यांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त आढळतो असा दावा केला. बऱ्याच जणांनी तो उडवून लावला. पन्नास-साठ वर्षांत माणसाच्या आयुष्यात काय काय होतं, त्यात जन्माच्या वजनाचं कुठं घेऊन बसलात, हा आक्षेप अगदीच वावगा नव्हता.

पुण्यात साठ वर्षं थांबायची सोय नव्हती. म्हणून केईएममध्येच जन्मलेल्या, वजनाची नोंद असलेल्या चार वर्षांच्या मुलांना बोलावण्यात आलं. ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि अर्ध्या तासानं रक्त घ्यायचं. जन्मतः हलक्या असलेल्या मुलांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त निघालं. वय वर्षं चार! या वयात सिगारेट नाही, दारू नाही, खुर्चीतली नोकरी नाही. मुलं आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. तेव्हा सगळ्यात वाईट आकडे दिसले ते जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांचे.

इथं खरा प्रश्न पुढं आला. भारतात बाळं लहान का जन्मतात? ‘आई गरीब, तिला पोटभर मिळत नाही,’ हे उत्तर तयारच होतं. मग उपायही तयार : जास्त उष्मांक, जास्त प्रथिनं. पण आई नेमकं काय खाते, किती खाते, गर्भारपणाच्या कुठल्या महिन्यात खाते, आणि त्याचा बाळाच्या कुठल्या अवयवाशी संबंध दिसतो, हे भारतातल्या खेड्यात कुणी नीट मोजलेलं नव्हतं.

ते मोजायला १९९३ मध्ये सुरुवात झाली. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हे त्याचं नाव. केईएमच्या प्रमुख डॉ. बानू कोयाजी यांनी खेड्यापाड्यांत आरोग्यसेवेचं जाळं आधीच विणलेलं होतं. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साउदम्प्टनहून कॅरोलिन फॉल आल्या, आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आहाराची बाजू सांभाळली, पैसा लंडनच्या वेलकम ट्रस्टनं दिला.

सर्वेक्षणाची रीत बघण्यासारखी आहे, कारण सगळी मेहनत तिथंच आहे. गरोदर बायकांना गाठून अभ्यास करणं सोपं, पण तोवर तीन-चार महिने उलटून गेलेले असतात. इथं सुरुवात दिवस जाण्याच्याही आधीपासून केली. सहा गावांतल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांनी होकार दिला. त्यांचं वजन-उंची आधीच नोंदलेलं. मग दर महिन्याला कार्यकर्ती दारात हजर : पाळी आली का, कधी आली? चुकली की सोनोग्राफी, म्हणजे गर्भाचं वय अंदाजानं नाही तर मोजून ठरायचं. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहाराची विचारपूस. ‘जेवलीस का गं?’ एवढ्यावर भागत नाही. काल सकाळपासून काय खाल्लं, भाकरी किती, केवढी, कालवण कशाचं, दूध चहातलं की वेगळं, मेथी-तांदुळजा-शेपू आठवड्यातून कितीदा? शिवाय काम : पाणी किती लांबून आणलं, शेतात किती वेळ, धुणं, भांडी. शेवटी बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत तिथं पोचून त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर मोजायचा आणि दंडावरची व पाठीवरची कातडी चिमट्यासारख्या कॅलिपरमध्ये हलकेच धरून खालच्या चरबीची जाडी बघायची. वारेचंही वजन करायचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या आपल्या रीतीत हे बहात्तर तास पाळायचे म्हणजे काय, हे एसटीनं फिरणाऱ्या कुणालाही कळेल.

या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, उंची दीड मीटरच्या जरा वर, आणि गर्भारपणाआधीचं वजन ४२ किलोच्या आसपास. दिवसाचा आहार सुमारे १८०० किलोकॅलरी. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन.

आता दोन्हीकडच्या बाळांची मापं शेजारी ठेवली. पुण्याचं बाळ सगळीकडून सारख्याच प्रमाणात लहान असेल, ही अपेक्षा. तसं नव्हतं. पोटाचा घेर आणि दंडाचा घेर, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू, यांत ते सगळ्यात मागे होतं. डोक्याचा घेर त्या मानानं बरा. आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी? ती जवळजवळ टिकून होती. पावणेतीन किलोसुद्धा न भरणारं बाळ, पण त्याच्या बांध्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त. संशोधकांनी त्याला ‘थिन-फॅट’ म्हटलं, बारीक पण चरबीदार. बाह्यरुग्ण विभागातला काटकुळ्या हातापायांचा आणि सुटलेल्या पोटाचा मधुमेही जन्मतःच कसा दिसत असेल, त्याचं जणू हे पहिलं चित्र.

दुसरा धक्का आहाराचा. आईनं एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिनं घेतली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागेना. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. ज्या आया ते वारंवार खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्यांच्या वाट्याला शेतातलं आणि घरातलं अंगमेहनतीचं काम जास्त होतं, त्यांची बाळं लहान. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हा सल्ला मायेचा खराच, पण त्या दुप्पट जेवणात नुसती भाकरीच वाढली तर काय, हे तो सांगत नाही.

अर्थात नुसत्या निरीक्षणावर फार विसंबता येत नाही. पालेभाजी आणि दूध ज्या घरात नेमानं असतं, ते घर आणखीही चार बाबतींत बरं असू शकतं. विहिरीला पाणी असेल, सासू समजूतदार असेल. हा आक्षेप कसा तपासला गेला ते पुढं येईल. त्याआधी जरा मागं जाऊन मुंबईला यायला हवं.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची चाळिशीतली इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. गरोदर गरीब बायका, त्यांतही गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या, एका विचित्र पांडुरोगानं मरत होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी पण आकारानं फुगलेल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिनं काम मांडलं. आधी जंतूंचा संशय घेतला, तो टिकला नाही. मग बायका खातात काय, इकडं नजर वळली. तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. अखेर एका अत्यवस्थ माकडाला यीस्टचा स्वस्त, काळपट अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, दिलं आणि ते सुधारलं. तेच रुग्णांना दिल्यावर त्याही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ नेमका कोणता हे तिला सांगता आलं नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला गेला : फोलिक अ‍ॅसिड.

पुढं १९९१ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनं सिद्ध केलं की आधी मज्जारज्जूचा जन्मदोष असलेलं बाळ झालेल्या स्त्रीनं गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. भारतात गरोदरपणात लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी १९७० पासून सरकारी कार्यक्रमात आहे. गावोगावच्या उपकेंद्रांतून, आता आशाताईंच्या हातून ती पोचते. थोडक्यात, आज घरोघर जाणाऱ्या गोळीचं एक मूळ परळला सापडतं.

आणि याच गोळीबद्दलचा एक अवघड प्रश्न पुण्याच्या सहा गावांतून आला. गरोदर आयांच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवलेले होते. ते तपासले तेव्हा फोलेटची कमतरता जेमतेम एका स्त्रीत सापडली. पालेभाजी आणि गोळी, दोन्ही आपलं काम करत होती. पण दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व झाडापाल्यात नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. शाकाहारी घरात उरतं ते दूध, आणि खेड्यात गोठ्यातलं दूध घरातल्या सुनेच्या पेल्यात येण्याआधी डेअरीच्या किटलीत जातं. मांसाहारी घरातही मटण शिजतं ते सणावाराला, जत्रेला.

शरीरात फोलेट आणि बी-१२ यांचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं. पेशी वाढताना डीएनए तयार व्हायला आणि जनुकांवर खुणा उमटायला दोन्ही लागतात; जोडीतलं एक कमी पडलं की होमोसिस्टीन हा पदार्थ रक्तात साचतो. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष आले. आईचं फोलेट जास्त, तर मुलाच्या अंगात चरबी जास्त. आणि इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती ती मुलं, ज्यांच्या आईचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं.

या निष्कर्षाचा विपर्यास करणं फार सोपं आहे, आणि तो झालाही. फोलिक अ‍ॅसिड वाईट असं यातून अजिबात निघत नाही. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते आणि तिला फोलेट हवंच, याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा आहे की ज्या समाजात बी-१२ मुळातच तोकडं आहे तिथं जोडीतल्या एकालाच वर्षानुवर्षं का वाढावं? गोळीत आजही लोह ६० मिलिग्रॅम आणि फोलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम आहे. बी-१२ नाही. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पन्नास वर्षं गोळ्या वाटूनही निम्म्याहून जास्त. गोळी पोचत नाही, पोचली तर खाल्ली जात नाही, पोट बिघडतं म्हणून फेकली जाते, हे सगळं खरं. पण गोळीत काय आहे आणि काय नाही हेही विचारायलाच हवं.

आता तो राहिलेला आक्षेप. पालेभाजी-दुधाचा बाळाच्या वजनाशी खरोखर संबंध आहे, की ती फक्त बऱ्या घराची खूण? याचा निकाल एका चाचणीनंच लागणार होता, आणि ती २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाली. नाव ‘सरस’. डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलिन फॉल यांच्या चमूनं साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. प्रत्येकीला रोज केंद्रावर येऊन एक ताजा पदार्थ खायचा होता, समोशासारखा, पॅटिससारखा. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळं आणि दुधाची पावडर. दुसऱ्याच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारख्या, सूक्ष्म पोषकद्रव्यं कमी असलेल्या भाज्या. गोळी नाही, पावडरचं पाकीट नाही, खाऊ. पोषणाच्या संशोधनात एवढी साधी आणि एवढी कटकटीची कल्पना क्वचित कुणी तडीस नेली असेल.

निकाल सरळ लागला नाही. सगळ्या बाळांचा एकत्र विचार केला तर वजनात ठळक फरक नव्हता. मात्र गर्भधारणेच्या निदान नव्वद दिवस आधीपासून ज्यांनी हा खाऊ घेतला होता, त्यांच्यात बाळाचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढलं. त्यातही अतिशय बारीक आयांना लाभ दिसला नाही. जरा अंगानं भरलेल्यांना जास्त दिसला. ज्यांना सगळ्यात गरज त्यांनाच फायदा नाही, ही गोष्ट संशोधकांनाही सहज पचणारी नव्हती. पण एका आकड्यानं सगळ्यांचे कान टवकारले. गर्भारपणात होणारा मधुमेह बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के होता, पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३.

आपली सगळी व्यवस्था गरोदर बाईची नोंदणी झाल्यावर जागी होते. नोंदणी होते तिसऱ्या महिन्याच्या आगेमागे. तोवर वार तयार होत आलेली असते, अवयवांचे आराखडे पडलेले असतात. उशीर कुठं होतो, ते या एका चाचणीनं जितकं स्पष्ट दाखवलं तितकं शंभर परिपत्रकांतून दिसलं नसतं.

इथं एक सावधगिरी. बाळाचं आरोग्य आईच्या ताटावर ठरतं, असं एकदा म्हटलं की ते वाक्य सासूच्या, नवऱ्याच्या, डॉक्टरच्या हातातली छडी व्हायला वेळ लागत नाही. ‘तू नीट खाल्लं नाहीस म्हणून पोर अशक्त.’ याच संशोधनाचे आकडे वाचले तर ही छडी हातातून गळून पडावी. बेचाळीस किलोची एकवीस वर्षांची मुलगी पाण्याचे हंडे वाहते, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते, तिच्या घरचं दूध विकलं जातं. यातलं तिच्या हातात काय होतं? शिवाय तिची उंची, तिची ठेवण तिच्या आईच्या गर्भारपणाशी जोडलेली. दोष द्यायचाच तर तो कुणा एका बाईपाशी थांबत नाही.

सहा गावांतलं काम मात्र थांबलं नाही. प्रकल्पाचा पैसा संपला, निबंध छापून झाले, की संशोधक निघून जातात असा सर्वसाधारण अनुभव. इथं तीच कुटुंबं, तीच मुलं सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. याज्ञिकांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर एखादा निबंध दाखवण्यापेक्षा हा चिवटपणा दाखवावा. अठराव्या वर्षी ६१९ मुलामुलींची तपासणी झाली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं वजन बीएमआयच्या हिशेबात कमी होतं. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर मर्यादेबाहेर गेलेली होती. बहुतेकांना मधुमेह नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. पण वय अठरा आणि अंगावर मांस नाही! साखर चढण्याची चिन्हं अगदी लहानपणापासूनच्या नोंदींत दिसत होती.

२०१२ मध्ये याच मुलामुलींना हाताशी धरून पुढची चाचणी सुरू झाली, ‘प्रिया’. पोटात असताना ज्यांचा अभ्यास सुरू झाला, तीच आता वयात आलेली. त्यांना लग्नाआधी, मूल व्हायच्या कितीतरी आधीपासून बी-१२ द्यायचं. मात्राही औषधासारखी मोठी नाही. रोज २ मायक्रोग्रॅम, म्हणजे चांगल्या आहारातून मिळावी तेवढीच. एका गटाला नुसतं बी-१२, एकाला त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं आणि दुधाची पावडर, एकाला यातलं काहीच नसलेली नुसती दिसायला तशी गोळी, आणि लोह-फोलिक अ‍ॅसिड सगळ्यांना. मग या मुली आया झाल्या. त्यांची मुलं दोन-तीन वर्षांची झाल्यावर त्यांच्या मेंदूच्या विकासाची चाचणी घेतली, तेव्हा बी-१२ घेतलेल्या मुलींच्या मुलांची समज आणि भाषा काहीशी पुढं होती. संख्या लहान आहे, तेव्हा एवढ्यावर देशाचं धोरण ठरवावं असं संशोधकही म्हणणार नाहीत. तिसऱ्या पिढीच्या नोंदी मात्र आता त्याच गावांत जमत आहेत.